अर्धी टोपली

ऐका हो, डोंगरावरच्या टोपलीची गोष्ट. फार वर्षांपूर्वी तिथे फणसाच्या सावलीत कॉफीताई नावाचं कॉफीचं झाड होतं. दर हंगामात बांबूची टोपली खेचरावर बसून यायची आणि फक्त पिकलेली, लाल फळं घेऊन बाजारात जायची. दोघींचा तसा वसाच होता.

एका वर्षी थंडी लांबली, फळं पिकेनात. टोपली अर्धीच भरली. खेचर खिदळलं, “टोपलीबाई, अर्ध्या पोटी निघालात? आता चुलीत घालतील हो तुम्हाला!”

टोपलीचा धीर सुटला. “कॉफीताई, हिरवीही दे गं. वरून लाल पसरीन.”

“घे बाई. पण हिरवं ओरबाडलं की डहाळी मोडते. मग पुढच्या वर्षी कुणाकडे येशील?”

टोपलीनं देवाचं नाव घेतलं आणि ती अर्धीच निघाली.

बाजारात व्यापाऱ्याच्या घरच्या सगुणाकाकूंनी फळं वाळवली, बिया भाजल्या, कॉफी केली. एक घोट घेतला, लगेच दुसराही घेतला. मग म्हणाल्या, “अर्धीच का गं आणलीस?”

“तेवढीच पिकली होती, काकू.”

काकूंनी न भाजलेल्या मूठभर बिया रुजत घातल्या. पुढच्या हंगामात टोपली डोंगर चढली ती रोपं घेऊन. फणसानं आपल्या सावलीत त्यांना जागा दिली.

टोपलीचा वसा फळला, तसा तुमचा आमचा फळो.