बांधावरची अर्धी कथा

पूर्वी शालवती नगरीत प्रियरथ नावाचा तरुण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच नगरीत सुघोष नावाचा कथेकरी होऊन राहत होता. राजवंशाची कथा मुखोद्गत ठेवायची आणि लोकांना सांगायची, हे त्याच्या घराण्याचे काम. आता राजाच्या पदरचा कथेकरी म्हटला की तो स्तुतीचे पाट वाहवणार, असे आपण धरूनच चालतो. पण शालवतीची रीत निराळी होती.

नगरीला वळसा घालून एक मोठी नदी वाहत असे. नदी आणि नगरी यांच्यामध्ये उंच बांध होता. भाताची कापणी आटोपली की दरवर्षी सारी प्रजा त्या बांधावर जमे. येताना प्रत्येकाने घरून पाटीभर माती आणायची. सुघोष एका दगडावर बसून राजाच्या पूर्वजांची कथा सांगे. कोणी तळी खोदली, कोणी लढाई जिंकली, असे सगळे सांगून झाले की शेवटी येई महारथाची कथा. हा महारथ प्रियरथाचा सख्खा आजोबा. तरुणपणी नदीकाठी विलासमहाल बांधायचे त्याच्या मनात आले आणि त्यासाठी त्याने बांधाच्या पायथ्याचे दगड उपसून नेले. जाणत्यांनी परोपरीने सांगितले, पण ऐकतो कोण! पुढच्याच पुरात खालच्या आळीतली कुंभारांची घरे माणसांसकट वाहून गेली.

“आणि बांध फुटला!” असे सुघोषाने म्हणताच सगळे लोक उठत, आपापली माती बांधावर ओतत आणि पायांनी चोपत. मग खिरीच्या हंड्यांकडे एकच झुंबड उडे. या रीतीमुळे बांध वर्षाला बोटभर उंच होई, आणि महारथाच्या काळानंतर पुराचे पाणी कधी नगरीत शिरले नव्हते.

प्रियरथ राजा मनाने वाईट नव्हता. पण लहानपणापासून दरवर्षी भर सभेत तो आजोबांचे पाप ऐकत आला होता. बांध फुटल्याचे ऐकताच सगळे आपल्याकडेच बघतात, असे त्याला वाटे. खरे तर लोक खिरीकडे बघत असत.

त्या वर्षी पैलतीरच्या राज्याचा राजा उग्रबाहू उत्सवाला यायचा होता. त्याच्या मुलीशी प्रियरथाची सोयरीक जवळजवळ ठरली होती. मुलगी प्रियरथाच्या मनात फार भरली होती. उग्रबाहूला फक्त घराणे एकदा नजरेखालून घालायचे होते. प्रियरथाच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने सुघोषाला बोलावून घेतले.

“सुघोषा, यंदा आजोबांची कथा गाळायची. हात दाखवून अवलक्षण कशाला? तुला नदीकाठची पाच गावे इनाम देतो.”

“गावे नकोत, महाराज. ती कथा गाळली तर लोक माती कशासाठी आणतील?”

“मी तशी आज्ञा काढीन.”

“आज्ञा राजाबरोबर जाते. कथा मागे राहते.”

राजा संतापला. “मग ऐक. कथा गाळ, नाहीतर उत्सवाआधी नगरी सोडून चालता हो. वंशकथा सांगायला मला दुसरे तोंड मिळेल.”

सुघोषाचे केस याच बांधावर पांढरे झाले होते. पण त्याला स्वतःपेक्षा बांधाची चिंता अधिक वाटली. आपल्यामागून येणारा कथेकरी यंदा ही कथा गाळील. मग पाट्या रिकाम्या येतील आणि पुढे पाट्याही येणार नाहीत. समोरच्या राजाचा मात्र त्याला राग आला नाही. इतकी वर्षे शरमेने जळत आलेला तो पोर त्याला स्पष्ट दिसत होता आणि त्याची कीव येत होती.

“जातो, महाराज,” तो म्हणाला. “पण गाळण्याआधी एकदा ती पूर्ण तरी ऐका.”

“जन्मापासून ऐकतोच आहे!”

“महाराजांनी अर्धीच ऐकली आहे. साऱ्या नगरीने अर्धीच ऐकली आहे. ‘बांध फुटला’ म्हटल्यावर पुढचे ऐकायला मी आणि नदीवरचे बगळे एवढेच उरतो.”

राजा चपापला. माती ओतताना मागे सुघोषाचे ओठ हलताना त्याने कितीदा तरी पाहिले होते. म्हातारा काही मंत्र पुटपुटत असेल, असे समजून तो पुढे जाई.

त्याच दुपारी दोघे बांधावर गेले आणि सुघोषाने राहिलेली कथा सांगितली.

“पूर ओसरला तेव्हा महारथ राजा महालातून खाली उतरला. मुकुट काढून ठेवला आणि डोक्यावर मातीची पाटी घेतली. वाचलेल्या कुंभारांनी त्याला चिखल फेकून मारला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. महाल पाडून त्याने सगळे दगड माघारी आणून बसवले. बांध पुरा झाल्यावर त्याने कथेकऱ्याला बोलावले. म्हणाला, ‘माझी चूक माझ्या नावासकट दरवर्षी सांग. माझ्या नातवंडांसमोर सांग. त्यांना माझी लाज वाटली तरी चालेल, पण त्यांच्या पायाखालची जमीन राहिली पाहिजे.’ तो कथेकरी म्हणजे माझा आजा, महाराज.”

प्रियरथाने हळूच विचारले, “कुंभारांनी त्यांना क्षमा केली?”

“सगळ्यांनी नाही. पण थोरले महाराज वारले तेव्हा विस्तव न्यायचे मडके कुंभारांच्या आळीतून आले. कोणी मागितले नव्हते.”

राजाला रडू आवरेना. ज्या माणसाचा अभिमान धरायचा, त्याचे नाव तो आजवर चोरून घेत आला होता.

उत्सवाच्या दिवशी उग्रबाहू मानाच्या आसनावर बसला होता. “आणि बांध फुटला!” सुघोष म्हणाला, आणि सवयीप्रमाणे सगळे उठले.

“बसा खाली!” राजा ओरडला. “खीर काही पळून जात नाही.”

लोक पाट्या मांडीवर घेऊन खाली बसले. सुघोषाने उरलेली कथा प्रथमच शांततेत सांगितली. कथा संपली तेव्हा एक म्हातारी कुंभारीण उठून म्हणाली, “ते मडकं माझ्या सासूनं दिलं होतं.” कोणी हसले नाही. प्रियरथाने मुकुट उतरवला आणि मातीची पाटी डोक्यावर घेतली.

उग्रबाहूने विचारले, “हे तुम्ही दरवर्षी सांगता? पाहुण्यांसमोरसुद्धा?”

प्रियरथ सरळ म्हणाला, “दरवर्षी. पाहुण्यांसमोरसुद्धा.”

“आमच्याकडेही पूर्वजांची कथा सांगतात,” उग्रबाहू म्हणाला. “त्यांतल्या एकाही राजाच्या हातून कधी एकही चूक झालेली नाही. आणि आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी पूर येतो.” तो आसनावरून उठला. “एक पाटी मलाही द्या, जावईबापू.”

राजाने पाच गावांची गोष्ट पुन्हा काढली तेव्हा सुघोषाने ती घेतली नाहीत. कथा संपेपर्यंत खिरीची झाकणे उघडू नयेत, एवढेच त्याने मागून घेतले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात एका सकाळी सांगितली. समोर उत्तरक नावाचा तरुण भिक्षू बसला होता. त्याचा बाप पूर्वी वाटमारी करीत असे. पुढे ते सोडून ज्यांना लुटले त्यांच्याच शेतांत तो राबला. त्या सकाळी तो मुलाला भेटायला आला, तेव्हा “मी यांना ओळखत नाही,” असे उत्तरकाने इतर भिक्षूंना सांगितले होते. म्हातारा फुलांची परडी घेऊन अजून दाराशीच बसून होता.

शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा प्रियरथ म्हणजे हा उत्तरक. महारथ म्हणजे दाराशी बसला आहे तो म्हातारा. सुघोष कथेकरी म्हणजे मीच. आणि कथा संपण्याआधी उठणारे लोक म्हणजे तुम्ही सारे. सत्य अर्धे ऐकले तर त्याची लाज वाटते. पूर्ण ऐकले तर त्याचा आधार होतो. त्या जन्मी मी सत्य ही पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा गुण, पाळली.”

त्या दिवशी कोणी उठले नाही. उठला तो एकटा उत्तरक, आणि तो दाराकडे गेला.