ढाबळीतला केर

एक होता राजा, नाव वीरधवल, आणि डोक्याने निव्वळ दगड! हसू नका रे. मला खरंच राग येतो त्याचा. त्याच्या महालाच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ होती. कबुतरं म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, कबुतरांबरोबर लक्ष्मी येते, ढाबळ झाडलीत तर तीही केराबरोबर जाईल. झालं! राजाने दवंडी पिटवली, "ढाबळीत जो केरसुणी उचलेल, त्याचा हात तोडीन." अरे, तिन्हीसांजेला झाडू नये हे मलाही ठाऊक आहे. पण म्हणून बाराही महिने?

मग काय, विष्ठेचा थर साचला. त्यातच राजा दाणे फेकायचा. त्यातच पाणी सांडायचं. कबुतरं दिवसभर खायची तरी वाळत चालली. छातीचं हाड सुरीसारखं वर आलं. ढाबळ सांभाळणारी गोजरा म्हणाली, "महाराज, यांच्या पोटात जंत झालेत. घाणीतले दाणे टिपतात ना. मला झाडू द्या."

"गप्प बस," राजा म्हणाला.

मग त्याने ज्योतिषाला विचारलं. त्याने दाराला लिंबू-मिरच्या बांधल्या. दोन कबुतरं मेली. मग प्रधानाला विचारलं. तो म्हणाला, बदाम घाला. घातले, त्याच घाणीत! आणखी दोन मेली. मग राजवैद्य आला. त्याने सोन्याचा वर्ख चारला. आणखी तीन मेली. गोजरा एकेकाला पदरात घेऊन पुरायची आणि दातओठ खायची.

सातवं मेलं तेव्हा सगळ्यात म्हातारी कबुतरी चक्क माणसासारखी बोलली, बरं का! "राजा, तुझे दाणे आमच्या पोटातले जंत खातात. आता तूच खाऊन बघ." तिने पंख फाडकन आपटला आणि राजाचं झालं कबूतर!

मग खाल्ले त्याने ते दाणे. न खाऊन सांगतो कुणाला? महिनाभरात त्याच्याही पोटात वळवळ सुरू झाली. बरं झालं!

इकडे गोजराला राग आवरेना. "तोडा हात तोडायचा तर," म्हणाली आणि केरसुणी घेऊन आत शिरली. तिने जमीन खरवडली, झाडली, उन्हात कोरडी केली. दाणे टांगत्या ताटलीत ठेवले, पाणी रोज ताजं. मग वैदूकडून औषध आणलं. एकेक कबूतर तराजूत तोलून वजनाप्रमाणे पाजलं. त्यात एक अनोळखी मरतुकडं कबूतर होतं, त्यालाही चोच उघडून पाजलं. जंत पडले. पण मागे अंडी राहतात ना! म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा पाजायचं होतं.

पंधराव्या दिवशी ती त्या मरतुकड्याला औषध पाजत होती, तोच प्रधान शिपाई घेऊन आला. "राजा हरवलाय, हुकूम हरवलेला नाही. धरा हिचा हात!" शिपायाने तलवार उगारली. पण गोजराने कबूतर सोडलं नाही. आधी त्याचा घोट पुरा केला. तो घोट पोटात गेला मात्र, हातातलं कबूतर गायब आणि समोर राजा उभा!

"तलवार खाली!" राजा ओरडला. मग गोजराला म्हणाला, "माग, मागशील ते देतो."

गोजरा कडाडली, "माझी सात कबुतरं द्या."

राजाकडे हत्ती होते, घोडे होते, गावंच्या गावं होती. ती सात कबुतरं कुठून आणणार? मान खाली घालून रडला. रडू दे! मग त्याने तिच्याकडून केरसुणी मागून घेतली आणि त्या दिवशी झाडायचा राहिलेला कोपरा स्वतः झाडला.

पुढे तो रोज झाडायचा. वाचलेली कबुतरं चांगली धष्टपुष्ट झाली, गोजरा सुखात राहिली, राजाही राहिला. मेलेली सात काही परत आली नाहीत. गोष्टीतसुद्धा येत नाहीत, चिंगे. पूस डोळे, वळ कुशीवर आणि झोप आता.