सहावं लिंबू

गाड्या किकवर सुरू व्हायच्या त्या दिवसांतली ही गोष्ट. अंडीवाल्या मुरलीधरची मोटरसायकल दहादा मुकाट सुरू व्हायची आणि अकराव्यांदा हटून बसायची. मग मुरलीधर दातओठ खात प्लग खोलायचा, पॉलिश पेपरने खसाखसा घासायचा.

"अरे, माझा काय दोष?" प्लग करवादला. "करंटच येत नाही, तर ठिणगी काय घरून आणू?"

"माझ्यामुळे रे," हँडलवरची वायर दबक्या आवाजात म्हणाली. "लिंबू-मिरचीची सुतळी माझ्यावरूनच बांधलीय. हँडल पुरतं डावीकडे वळलं की माझा गळाच आवळतो."

"मग सांग ना बाई त्याला! सालडं माझं निघतंय!"

"आपलं ऐकतंय कोण? गाडी अडली की म्हणतो दृष्ट लागली, आणि जुन्या गाठीवरच आणखी एक लिंबू बांधतो. पाच झाली."

वरून लिंबं फणकारली, "आम्ही आहोत म्हणून दहादा तरी सुरू होते!"

आठवडी बाजाराच्या दिवशी, अंड्यांचे ट्रे लादल्यावर, गाडी पुन्हा अडली. मुरलीधरने शिव्या हासडत प्लग काढून उकिरड्यावर भिरकावला आणि नवा बसवला. त्या खटपटीत हँडल सरळ झालं. एका किकमध्ये गाडी सुरू!

उकिरड्यावरून जुना प्लग बघत होता. मुरलीधरचा चेहरा खुलला. "आता पुन्हा कुणाची दृष्ट नको लागायला," म्हणत त्याने खिशातून सहावं लिंबू काढलं आणि सुतळीचं टोक दातात धरून दोन वेढे जास्तच आवळले.