झिपरूचा लाल बिल्ला

एक होता माळ. माळावर होता मांडव. मांडवात भरले होते लामांचे संमेलन.

लामा कसा असतो? मान लांब. कान उभे. अंगभर लोकर. जणू उंटाचा धाकटा भाऊ!

आधी मोठ्यांची भाषणे होती. मग पिल्लांची फेरी होती. मान वर करायची आणि रिंगणात सर्वांसमोर चालायचे.

झिपरू सर्वांत लहान पिल्लू. त्याची ही पहिलीच फेरी. आईने सकाळपासून त्याची लोकर विंचरली. एक बट इकडची तिकडे नाही! तिने त्याच्या गळ्यात फितीने लाल बिल्ला बांधला. मग ती मांडवात गेली. तिचे भाषण होते ना!

इतक्यात वारा आला. सूंऽ सूंऽ! फीत सुटली. बिल्ला उडाला. भिरभिर भिरभिर... आणि अडकला बोरीच्या झुडपात!

दाराशी लांबमाने काका उभे होते. ते म्हणाले, "बिल्ला?"

"उडाला."

"मग प्रवेश नाही. नियम म्हणजे नियम. तिसरी घंटा झाली, की दार बंद."

टण! पहिली घंटा झाली.

"आता रडणार वाटते?" काका म्हणाले.

"मुळीच नाही!" झिपरू म्हणाले. त्याने पाय आपटला.

"बिल्ला माझा, फेरी माझी!
घेतल्यावाचून हटणार नाही!"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, झिपरू बोरीकडे गेले. त्याने झुडपात नाक घातले. टोच! काटा टोचला.

"बोरीबाई, बोरीबाई, बिल्ला सोड.
बोरीने बिल्ला सोडला, तर मी फेरीला जाईन."

बोरी म्हणाली, "असा कसा सोडीन! पाला माझा दाट, काटे माझे गच्च. शेळी पाला खाईल, तर सोडीन. नाही तर नाही!"

"नाही कशी? बघच तू!

बिल्ला माझा, फेरी माझी!
घेतल्यावाचून हटणार नाही!"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, झिपरू शेळीकडे गेले.

"शेळीताई, शेळीताई, पाला खा.
शेळीने पाला खाल्ला, तर बोरी बिल्ला सोडील.
बोरीने बिल्ला सोडला, तर मी फेरीला जाईन."

शेळी म्हणाली, "बेंऽ! माझ्या घशाला कोरड पडली आहे. घास अडकला, तर तू काढणार? पोहरा पाणी काढील, तर खाईन. नाही तर नाही!"

"नाही कशी? बघच तू!

बिल्ला माझा, फेरी माझी!
घेतल्यावाचून हटणार नाही!"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, झिपरू विहिरीवर गेले. काठावर पोहरा बसला होता. विहिरीतले पाणी तोच काढी.

"पोहरेदादा, पोहरेदादा, पाणी काढ.
पोहऱ्याने पाणी काढले, तर शेळी पाला खाईल.
शेळीने पाला खाल्ला, तर बोरी बिल्ला सोडील.
बोरीने बिल्ला सोडला, तर मी फेरीला जाईन."

पोहरा म्हणाला, "ठण्! माझा दोर तुटला. दोराशिवाय खाली गेलो, तर वर कोण आणणार? तुझे काका? बिरूबाबा दोर वळतील, तर काढीन. नाही तर नाही!"

"नाही कसा? बघच तू!

बिल्ला माझा, फेरी माझी!
घेतल्यावाचून हटणार नाही!"

टण! दुसरी घंटा झाली.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, झिपरू बिरूबाबांकडे गेले. बिरूबाबा मेंढपाळ होते. लोकरीचे सूत काढावे आणि सुताचा दोर वळावा, तर बाबांनीच!

"बिरूबाबा, बिरूबाबा, दोर वळा.
बिरूबाबांनी दोर वळला, तर पोहरा पाणी काढील.
पोहऱ्याने पाणी काढले, तर शेळी पाला खाईल.
शेळीने पाला खाल्ला, तर बोरी बिल्ला सोडील.
बोरीने बिल्ला सोडला, तर मी फेरीला जाईन."

बिरूबाबा हसले. "वळीन की, लेकरा! पण टोपली बघ माझी. रिकामी! हवेचा दोर वळू? मेंढी लोकर देईल, तर वळीन. नाही तर नाही!"

"नाही कसे? बघाच तुम्ही!

बिल्ला माझा, फेरी माझी!
घेतल्यावाचून हटणार नाही!"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, झिपरू मेंढीकडे गेले.

"मेंढीमावशी, मेंढीमावशी, लोकर दे.
मेंढीने लोकर दिली, तर बिरूबाबा दोर वळतील.
बिरूबाबांनी दोर वळला, तर पोहरा पाणी काढील.
पोहऱ्याने पाणी काढले, तर शेळी पाला खाईल.
शेळीने पाला खाल्ला, तर बोरी बिल्ला सोडील.
बोरीने बिल्ला सोडला, तर मी फेरीला जाईन."

मेंढी म्हणाली, "बॅंऽ! डोळे कुठे आहेत तुझे? माझी लोकर कालच कातरली, बाजारात गेलीसुद्धा. हुडहुडी भरली आहे मला, हुडहुडी! आणि लोकर काय मागतोस? तुझ्याच पाठीवर आहे की ढीगभर!"

झिपरूने मान वळवली. पाठ पाहिली. मऊ मऊ लोकर. आईने विंचरलेली लोकर. फेरीत सगळे लोकरच तर पाहणार!

लोकर ठेवली, तर बिल्ला नाही. लोकर दिली, तर पाठ उघडी.

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, झिपरू बाबांकडे परतले. मग त्याने नाक फेंदारले. फुर्रर्र!

"लोकर उद्या उगवेल. फेरी आज आहे. बाबा, कातरा!"

कच कच, कच कच, बाबांनी लोकर कातरली.
गर गर, गर गर, बाबांनी दोर वळला.
सर्रर्र... धब्! पोहऱ्याने पाणी काढले.
सुर्र सुर्र, शेळी पाणी प्यायली.
कुरुम कुरुम, शेळीने पाला खाल्ला.
टप्! बोरीने बिल्ला सोडला.

बाबांजवळ एक धागा उरला होता. झिपरूच्याच लोकरीचा धागा. त्या धाग्याने बाबांनी बिल्ला झिपरूच्या गळ्यात बांधला.

वारा आला. सूंऽ सूंऽ! धागा सुटला का? छे! मुळीच नाही!

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, झिपरू धावले. मागून शेळी धावली. मेंढी धावली. बाबाही धावले.

टण! तिसरी घंटा झाली. लांबमाने काकांनी दाराला हात... नव्हे, नाक लावले.

"थांबा!" झिपरू म्हणाले. "हा माझा बिल्ला!"

काकांनी बिल्ला पाहिला. मग पाठ पाहिली. "अरे, पण तुझी लोकर? असा कसा आत जाणार तू?"

"नियमात बिल्ला आहे. नियमात लोकर आहे का?"

काकांनी आठवून पाहिले. पुन्हा आठवून पाहिले. "नाही बुवा!"

"मग सरका! नियम म्हणजे नियम!"

काका सरकले.

झिपरू रिंगणात आले. एक पिल्लू हसले. दुसरे हसले. "फी फी फी! उघडी पाठ! उघडी पाठ!"

अध्यक्षबाई उठल्या. त्या फार मोठ्या लामा. संमेलनात त्यांना मानाची शाल मिळाली होती. त्या म्हणाल्या, "बाळ, ये. ही शाल घे आणि पाठ झाक."

"नाही झाकणार!" झिपरू म्हणाले. मान वर, कान ताठ.

"माझी लोकर हरवली नाही. मी दिली!
मी लोकर दिली, म्हणून बिरूबाबांनी दोर वळला.
बिरूबाबांनी दोर वळला, म्हणून पोहऱ्याने पाणी काढले.
पोहऱ्याने पाणी काढले, म्हणून शेळीने पाला खाल्ला.
शेळीने पाला खाल्ला, म्हणून बोरीने बिल्ला सोडला.
बोरीने बिल्ला सोडला, म्हणून मी फेरीला आलो!
आणि शाल द्यायचीच असेल, तर मेंढीमावशीला द्या. तिला हुडहुडी भरली आहे."



मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "नुसती लोकरच पाहायची असती, तर आपण घोंगडी बोलावली असती! चल, झिपरू. पुढे तू. बाकीचे मागे!"

शाल मेंढीला मिळाली. मेंढी म्हणाली, "बॅंऽ! ऊब आली!"

टुपुक टुपुक, टुपुक टुपुक, झिपरू चालले. सर्वांच्या पुढे. हसणारी पिल्ले त्याच्या मागे. आईने मांडवातून मान उंचावली. तिने उघडी पाठ पाहिली. ताठ मानही पाहिली. ती हळूच गुणगुणली, "म्म्मऽ!"

झिपरू मोठ्याने म्हणाले,

"बिल्ला माझा, फेरी माझी!
घेतल्यावाचून हटलो नाही!"

रिंगण झाले गोल गोल, फेरी झाली पुरी;
पाठ होती उघडी, तरी मान होती वरी!