ग्रीक न येणारं झाड

फार पूर्वी जर्मनीत मेल्शियोर नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता. झाडासमोर बसायचं आणि ते दिसतं तसंच त्याचं चित्र काढायचं, ही त्याची खोड. अशा चित्रांचा ग्रंथ तयार झाला, पण छापायला ड्यूकची परवानगी हवी होती, आणि ड्यूकच्या कानाशी होते पंडित कासपार. या पंडितांनी जन्मभर झाडांचाच अभ्यास केला होता, खिडकी न उघडता.

"प्राचीन ग्रीक ग्रंथात या झाडाची फुलं निळी आहेत," ग्रंथातल्या एका चित्रावर बोट ठेवून पंडित कडाडले. "यानं पिवळी काढलीत! सरकार, हा ग्रंथ जाळून टाका."

मेल्शियोरचा चेहरा उतरला. त्याची नवी नवरी आगाथे त्याच झाडाची कुंडी धरून शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "चूक झाडाचीच आहे, सरकार. बिचारं जर्मनीत वाढलं, त्याला ग्रीक कुठून येणार? पंडितजींनीच त्याला ते पान वाचून दाखवावं. फुलं निळी झाली, की आमचा ग्रंथ आम्हीच जाळू."

ड्यूकला हसू आवरेना. "वाचा, पंडितजी!"

ग्रंथ केव्हाच छापून झाला. पंडितजी अजून वाचताहेत. झाड अगदी मन लावून ऐकतं, आणि दरवर्षी पिवळंच फुलतं.