सात कासवांचा ठराव

मुलांनो, सागाच्या एका जंगलात, तळ्याच्या काठी, सात कासवे राहत असत. तळ्याच्या बांधावर दर आठवड्याला प्राण्यांची सभा भरे. सपाट दगडाच्या उजवीकडे गवे बसत; त्यांना जुने काही बदललेले खपत नसे. डावीकडे माकडे, जुने काही दिसले की त्यांचे हात शिवशिवत. कासवे बरोबर मध्ये. जुने जपावे, पण डागडुजी करून जपावे, असे त्यांचे मत होते, आणि मत चांगलेच होते. गवे आणि माकडे संख्येने सारखी, त्यामुळे कासवे जिकडे सरकत तिकडचा ठराव मंजूर होई. म्हणून दोन्हीकडे त्यांचा मान फार.

एकदा थोरल्या कासविणीला बांधात खेकड्याने पाडलेले भोक दिसले. बोराएवढेच, पण पाण्याची धार लागली होती, आणि बांधाखालच्या वाळूत तिची अंडी होती. तिने पंजाभर चिखल उचललासुद्धा. मग तिला वाटले, ‘सभेला न विचारता बांधाला हात कसा लावायचा? काही रीत आहे की नाही?’ तिने चिखल खाली ठेवला.

सभेत ती म्हणाली, “बांध ठेवू या आणि भोक आजच बुजवू या.”

“हा बांध आमच्या पणजोबांनी घातलाय,” थोरला गवा फुरफुरला. “त्याला भोक पडेलच कसं?”

“फोडून टाका तो बांध! नवा घालू,” माकडांचा म्होरक्या ओरडला.

कासवांनी रिवाजाप्रमाणे विचार करण्यासाठी डोकी आत घेतली. सातही डोकी बाहेर येईपर्यंत सभा उठून गेली होती.

आठवड्याभरात भोक पेरूएवढे झाले. धाकटे कासव म्हणाले, “बाई, आपण सातजण मिळून बुजवू की!”

“छे! गवे दुखावतील, माकडं रुसतील,” कासवीण म्हणाली. ती दोघांकडेही जाऊन आली. गव्यांसाठी तिने ठरावातला ‘आजच’ काढून ‘योग्य वेळी’ घातला. माकडांसाठी ‘ठेवावा’च्या आधी ‘तूर्त’ घातला. शेवटी सभेपुढे आले ते असे : ‘बांध तूर्त ठेवावा आणि योग्य वेळी, कुणाची हरकत नसल्यास, भोकाकडे लक्ष द्यावे.’

हरकत घेण्यासारखे त्यात उरलेच नव्हते. ठराव एकमताने मंजूर झाला. “तुमच्यामुळे सभा चालते हो, कासवीणबाई,” गवा म्हणाला. माकडांनी तिच्या पाठीवर फुले टाकली. ती इतकी हरखली की घरी जाताना बांधाकडे बघायचेच विसरली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी बांध फुटला. गवे टेकडीवर चढले, माकडे झाडावर. वाळू वाहून गेली, आणि वाळूबरोबर अंडीही.

पुढच्या सभेत गवे माकडांना बोल लावू लागले आणि माकडे गव्यांना. एका गोष्टीवर मात्र त्यांचे एकमत झाले. “ठराव तर तुमचाच होता, कासवीणबाई!”

कोरड्या तळ्यात कासवीण आपल्या पंजाकडे बघत बसली. त्या दिवशी तेवढाच चिखल पुरला असता.

तात्पर्य : मधली भूमिका घेण्यात कमीपणा नाही, पण सगळ्यांना खूश ठेवण्यासाठी आपलेच म्हणणे पातळ करत गेले, तर काम होत नाही आणि दोष मात्र आपल्याच माथी येतो.