दरफाळणीचे शिंग

वाटीला पळी लागल्याचा बारीकसा आवाज झाला, आणि भरल्या मशिदीतली शांतता मोडली.

कुलाब्याकडच्या तळवली गावात हसाजीबाबा राहत होते, त्या काळची ही गोष्ट. तळवलीतली आपली इस्रायली, म्हणजे यहुदी, माणसे तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. प्रार्थनेच्या घराला सगळे मशीदच म्हणत आणि बाबा तिथले हाजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. घाणा त्यांनी पुतण्याला देऊन टाकला होता. कुणाचे लेकरू तापाने फणफणले की लोक बाबांना हाक मारीत, मग घर इस्रायली माणसाचे असो की आगऱ्याचे.

तो दिवस दरफाळणीचा, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रोजाचा. आदल्या सांजेपासून चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. चूल पेटत नाही, घरांची दारे लावलेली असतात. वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची. शेवटी हाजानाने मेंढ्याचे शिंग फुंकले की देवाचे दार लागते, आणि मगच रोजा सुटतो.

सकाळची मुकी प्रार्थना चालली होती. आत पुरुष उभे, पडवीत बायका उभ्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून तो आवाज आला. पलीकडे मिलकाबाईचे घर.

जमातीचे निवाडे करणारा मुकादम बन्नाजी, त्याची बायको शेगुलाबाई पडवीत सर्वांच्या पुढे होती. रोजा ती कडक धरी, आणि धरल्याचे दहा जणींना कळेल असा धरी. तिने प्रार्थना अर्धी टाकली आणि चार बायकांना घेऊन पलीकडे गेली. सात वर्षांची नात रिबका पदर धरून मागोमाग.

मिलकाबाई वीस वर्षांची पोर. नवरा पलटणीबरोबर एडनला गेलेला. मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा आणि हातात आदल्या दिवशीच्या पेजेची वाटी. ती पेज मुलाला भरवत नव्हती, स्वतः खात होती.

"काय गं मिलके, सांजेपर्यंत दम निघाला नाही होय?" शेगुलाबाई म्हणाली. "माझी सासू ऐंशी वर्षांची, ती उभी आहे तिकडे. तुझं पोट काय तिच्याहून मोठं आहे?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

खरे काय ते एकीनेही विचारले नाही. मुलाला पाच दिवस हगवण लागली होती. डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती. पहाटे मिलकाबाईने त्याला छातीशी धरले तर दूधच येईना. ते चोखत राहिले, मग दमले, मग रडायचेही थांबले. मूल रडते तेव्हा आईचा जीव कासावीस होतो. रडायचे थांबते तेव्हा काय होते ते सांगता येत नाही. मशिदीकडे निघालेले बाबा त्या घरापाशी थबकले, कारण रोज ऐकू येणारे रडणे आज नव्हते. त्यांनी दार वाजवले, मुलाला पाहिले आणि तिला पेज घ्यायला सांगितले. ती ऐकेना. नवरा सुखरूप परत यावा म्हणून हा रोजा तिने नवसाने धरला होता. तेव्हा बाबा म्हणाले, "बाई, तुझा रोजा मी सोडवतो. देवानं विचारलं तर माझं नाव सांग."

देवाला ती सांगणारच होती. पण शेगुलाबाईपुढे तिने ते नाव घेतले नाही. ज्या दिवशी बाबा सगळ्यांसाठी देवापुढे उभे, त्याच दिवशी लोक त्यांच्यावर उलटायचे, अशी तिला भीती. ती खाली मान घालून बसली, आणि खाली घातलेली मान म्हणजे कबुलीच, असे शेगुलाबाईने ठरवले. तिने वाटी उडवली. पेज सारवलेल्या जमिनीवर पसरली. बाहेर येऊन तिने दार ओढले आणि बाहेरून कडी घातली.

उपाशी लेकराच्या आईच्या हातची वाटी उडवा, असे कुठल्या ग्रंथात लिहिले आहे? पोटात अन्न नाही म्हणून मन पवित्र झाले, असे का असते? मग दुष्काळात सगळेच संत झाले असते. आदल्या दिवशी घरोघर जाऊन एकमेकांची माफी मागायची आपली रीत. मुकादमाचे घर सगळ्या आळीत फिरले होते. मिलकाबाईचे दार तेवढे त्यांनी गाळले, कारण शिपायाच्या बायकोची माफी ती काय मागायची!

शेगुलाबाईने मशिदीत येऊन सगळे सांगितले, तशी मुकादमाने प्रार्थना थांबवली आणि तिथेच निवाडा दिला. या घराशी आजपासून कुणी पाणी-भाकरीचा व्यवहार ठेवायचा नाही, नवरा आला तरी नाही. वर्षभराच्या क्षमेच्या दिवशी हा निवाडा!

बाबा वळले. "पेज घे असं तिला मी सांगितलं," ते म्हणाले.

बन्नाजीचा चेहरा काळाठिक्कर पडला, पण आता माघार कशी घ्यायची? हाजानच रोजा मोडायला शिकवतो तर त्याने इथे उभे राहू नये, असे तो म्हणाला आणि बाबांच्या हातातले शिंग त्याने काढून घेतले. बाबा बाहेर आले, मिलकाबाईच्या दाराची कडी काढली आणि उन्हात तिच्या पायरीवर बसून प्रार्थना म्हणू लागले. मधूनच थांबून म्हणत, "बाई, आणखी चार घोट पाणी पी." स्वतःचे ओठ सुकून फुटले होते. तिसऱ्या प्रहरी आतून मूल चुटूचुटू पिऊ लागल्याचे कळले, तसे बाबांनी डोळे मिटले.

चांदण्या दिसल्या. मुकादमाने शिंग तोंडाला लावून फुंकले. नुसती हवा निघाली. दोनदा, चारदा फुंकले, गालफडे दुखली, तरी शिंग मुकेच. मग दानियेल हवालदार पुढे झाला. तो पलटणीत बिगूल वाजवीत असे. त्याचीही नुसती फूसफूस. कुणी शिंगात गवताची काडी सारून पाहिली, तर ती आरपार निघाली. तडा नाही, कचरा नाही.

शिंगाशिवाय रोजा सुटत नाही. भरलेले तांबे समोर होते आणि हात लावायची कुणाची छाती होईना. ऐंशी वर्षांची ती म्हातारी सासू भिंतीला टेकली ती खालीच घसरली. शेगुलाबाईने तिला सावरले. त्या सुकलेल्या तोंडाकडे पाहताना सकाळचे स्वतःचे बोलणे तिचे तिलाच ऐकू येत होते.

मुकादम शिंग घेऊन पायरीशी गेला आणि बाबांना म्हणाला, की तुम्हीच वाजवा.

बाबा म्हणाले, "बन्नाजी, देवाकडे मागायचं ते तुम्ही दिवसभर मागितलंत. माणसाकडे मागायचं राहिलंय. ते देव परस्पर देत नाही. तोवर त्याचं दार लागायचं कसं?"

मुकादम शिंग पुढे करूनच उभा राहिला. शेगुलाबाई मात्र मागून आली आणि त्याला ओलांडून मिलकाबाईच्या घरात गेली. जमिनीवर पेज वाळून तिची खपली धरली होती, त्यातच तिने गुडघे टेकले आणि मिलकाबाईच्या पायांवर डोके ठेवले. मिलकाबाई घाबरली. मूल पिता पिता झोपले होते, त्यामुळे तिला उठताही येईना. "मामी, असं नका," एवढेच ती म्हणाली आणि मोकळ्या हाताने तिला उठवू लागली.

मग मुकादमानेही बाबांच्या पायांवर डोके टेकले आणि सगळ्यांच्या देखत निवाडा मागे घेतला. बाबांनी शिंग तोंडाला लावले. पहिल्याच फुंकीला ते असे घुमले की खाडीपलीकडच्या आगऱ्यांच्या वाडीत माणसे दाराबाहेर येऊन पाहू लागली. तांबे उचलले गेले, म्हातारीच्या तोंडात पाणी पडले. शेगुलाबाईने पहिला तांब्या मिलकाबाईपुढे धरला, आणि ती प्यायल्यावर मग स्वतः ओठाला लावला.

रिबका सकाळपासून सगळे पाहत होती. तिने आजीचा पदर ओढला.

"आजी, शिंग पहिल्याच वेळी वाजलं असतं, तर तू मिलकामावशीकडे गेली असतीस?"